बिघाडाची बातमी कुठे संपते?

मार्च 2016 मध्ये इंडिगोच्या ताफ्यात पहिले एअरबस ए320 निओ दाखल झाले, तेव्हा चर्चा इंधनबचतीची होती. तेव्हापासून जुलै 2025 पर्यंतच्या बातम्या सलग पाहिल्या, तर विमानांतील यांत्रिक बिघाडांविषयी आपल्याकडे खूप छापले आणि दाखवले गेले, पण त्यातले बहुतेक लेखन मूळ प्रश्नाच्या अलीकडेच थांबले, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विमान माघारी फिरले की बातमी सुरू होते आणि ते सुखरूप उतरले की संपते. हाच दोष याच विमानात आधी किती वेळा नोंदला गेला होता, आणि तो कायमचा दूर करायला कंपनीकडे सुटे भाग, माणसे व पैसा होता का, हे कोणी विचारत नाही.

निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचेच पाहा. यातील ठरावीक मालिकेच्या इंजिनांत काँप्रेसरच्या मागच्या भागातील सील सदोष असल्याचा इशारा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2018 मध्येच दिला होता. 12 मार्चला अहमदाबादहून लखनौला निघालेले इंडिगोचे विमान माघारी आले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोची 8 व गोएअरची 3 विमाने जमिनीवर ठेवली. त्यानंतरचे दिवस रद्द उड्डाणांच्या आणि ताटकळलेल्या प्रवाशांच्या बातम्यांत गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये आठवडाभरात इंडिगोची चार इंजिने हवेत बंद पडली. या वेळी दोष लो-प्रेशर टर्बाइनचा होता, आणि 97 विमानांना जानेवारीअखेर सुधारित इंजिने बसवण्याचा आदेश निघाला. 2 मे 2023 रोजी गो फर्स्टने, म्हणजे मुंबईतल्याच पूर्वीच्या गोएअरने, या इंजिनांकडे बोट दाखवत दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर तिचा जवळपास निम्मा ताफा उभा होता. जुलैमध्ये इंजिन बनवणाऱ्यांनीच सांगितले, की 2015 ते 2021 या काळातील इंजिनांच्या काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्धी होती. दोष तीन वेगवेगळे, पण इंजिन एकाच घराण्यातले, आणि सुधारित इंजिनांचा तुटवडाही तोच. ही सलग कथा प्रामुख्याने अर्थविषयक पानांच्या वाचकांना वाचायला मिळाली. तिकीट काढणाऱ्या सर्वसाधारण माणसाच्या हाती तिचे सुटे तुकडे आले.

2022 चा उन्हाळा संपताना स्पाइसजेटच्या बाबतीतही हेच घडले. पाटण्याहून उडालेल्या विमानावर पक्षी आदळला, जबलपूरच्या विमानात धूर झाला, दुबईचे विमान कराचीत उतरवावे लागले, कांडल्याहून मुंबईला येणाऱ्या विमानाची समोरची काच तडकली. पक्ष्याची धडक आणि देखभालीतील हयगय यांच्या कारणांत काहीही साम्य नाही, तरी या घटना एकाच माळेत ओवल्या गेल्या. खरी बातमी महासंचालनालयाच्या जुलैमधील कारणे दाखवा नोटिशीत होती. सप्टेंबर 2021 च्या आर्थिक पाहणीतच असे आढळले होते, की पुरवठादारांना वेळेवर पैसे मिळत नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आहे, आणि काही उपकरणे बंद असतानाही ठरावीक मुदतीपर्यंत उडण्याची जी सवलत नियमांत असते, तिचा वारंवार आधार घेतला जातो आहे. ही माहिती त्या धुरापेक्षा दहा महिने जुनी होती.

यावर सांगितले जाते, की या गलबल्यामुळेच तर शासनयंत्रणा हलली. जुलैअखेर स्पाइसजेटची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली गेली, हे खरे आहे, आणि त्यात माध्यमांच्या दबावाचा वाटा मी नाकारणार नाही. पण दबाव पुढच्या अपघाताआधी कसा आणता येतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. बोइंग 737 मॅक्सच्या सुरक्षा मूल्यमापनातील उणिवांवर ‘सिएटल टाइम्स’चे डॉमिनिक गेट्स काम करत होते. 10 मार्च 2019 ला इथिओपियन एअरलाइन्सचे मॅक्स कोसळले, त्याआधीच त्यांचे प्रश्न बोइंग आणि तिथल्या नियामकांपर्यंत पोहोचले होते. कागदपत्रे आणि अभियंते यांच्या आधारे ते तिथवर गेले. त्या वृत्तपत्राला 2020 मध्ये पुलित्झर मिळाले ते योग्यच होते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: बिघाड कमी होत असताना भीती का पसरवायची? 12 जून 2025 च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर एअर इंडियाचे प्रत्येक माघारी फिरलेले विमान ठळक बातमी झाले. जुलैमध्ये लोकसभेत आलेल्या आकड्यांनुसार 2022 मध्ये 528, 2023 मध्ये 448 आणि 2024 मध्ये 421 तांत्रिक बिघाड नोंदले गेले. याच काळात देशांतर्गत प्रवासी वर्षाला सुमारे 12 कोटींवरून 16 कोटींवर गेले. म्हणजे बातम्यांची संख्या बिघाडांच्या संख्येमागे चालत नाही, हे उघड आहे. तरीही हा आकडा पाहून निश्चिंत होणे मला पटत नाही, कारण तो नोंद झालेल्या बिघाडांचा आहे. 24 जून 2025 रोजी महासंचालनालयानेच दिल्ली व मुंबई विमानतळांवरील तपासणीचे निष्कर्ष दिले. त्यात तेच दोष विमानांत पुन्हा पुन्हा उद्भवत असल्याची आणि विमानाच्या यंत्रणेने दाखवलेले काही दोष तांत्रिक नोंदवहीत उतरलेच नसल्याची प्रकरणे होती. कंपन्यांची नावे मात्र दिलेली नव्हती. नोंद टाळणारी कंपनी अशा मोजणीत चांगली दिसते आणि प्रामाणिकपणे नोंद करणारी बदनाम होते. म्हणून सतत मागायला हवी ती पुन्हा उद्भवणाऱ्या दोषांची माहिती. प्रवासीसंख्या आणि रद्द उड्डाणांचे प्रमाण महासंचालनालय दर महिन्याला कंपनीनिहाय प्रसिद्ध करतेच. त्याच तक्त्यात पुन्हा उद्भवलेल्या दोषांचा एक रकाना वाढवावा, आणि तो वाढेपर्यंत संपादकांनी, खासदारांनी ही मागणी सोडू नये.