वाळूची नळी किती वर्षं टिकते?

भावांनो, पॉलिप्रोपिलीनचा दोर सावलीत ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. तोच उन्हात पडून राहिला की तंतू सुटतात, हाताला कुसळांसारखे टोचतात. धूप थांबवायला किनाऱ्यावर वाळू भरून घालतात, त्या जिओट्यूबचं कापडही बहुतेक वेळा याच जातीचं असतं. खाऱ्या पाण्यात ते कुजत नाही. त्याला भीती उन्हाची आणि धारेची.

ऊन लागून धागा ठिसूळ होतो. म्हणून त्यात काजळी मिसळतात, तरी उघडं कापड काही वर्षांत कमजोर पडतं. झाकलेलं मात्र कित्येक दशकं टिकू शकतं. ओडिशातल्या पेंठा गावच्या ५०५ मीटर बंधाऱ्यात वाळूच्या नळ्यांवर दगड भरलेल्या जाळ्या घातल्या आहेत, त्या याचसाठी.

धारेचं आपल्या हातात आहे. नळीवर नांगर टाकू नका, होडी ओढू नका, सुरी चालवू नका. एक चीर पडली की लाटा आतली वाळू ओढून नेतात, नळी बसते आणि मागची आपली घरं उघडी पडतात. चीर दिसली तर फोटो काढून लगेच सोसायटीत दाखवा.

आणि आपल्या गावात असं काम आलं, तर आधी विचारा: कापड झाकणार कशानं?