डोंगर निवडताना : देश, काल आणि मात्रा

दिनचर्येत व्यायामाचे स्थान कोणते आणि तो किती करावा, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. तथापि रुग्णास व्यायाम लिहून देताना आपली लेखणी किती मोघम होते, याचा प्रत्यय मला माझ्याच एका रुग्णाने आणून दिला. दौंडच्या बाजारपेठेतील हे ५२ वर्षांचे व्यापारी. मेदोवृद्धी, मधुमेहाची सुरुवात आणि दिवसभर गादीवर बैठक. ‘रोज चालावे, जमल्यास डोंगर चढावा,’ असे मी औषधांखाली लिहिले. त्यांनी ऐन वैशाखात पुतण्यांसमवेत सिंहगड गाठला, आतकरवाडीच्या पायवाटेने एका दमात वर गेले आणि त्याच वाटेने घसरत-सावरत खाली आले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सुजलेले. पुढे दीड महिना उपचार चालले. त्या काळात एकदा ते म्हणाले, “डॉक्टर, गोळी किती घ्यायची ते तुम्ही लिहिता. डोंगर किती घ्यायचा ते लिहिलं नव्हतं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न होय.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील. संहितेतील जांगल देशाची लक्षणे आपल्या शिवारात उघड्या डोळ्यांनी वाचता येतात. भीमा आणि घोड या आपल्या नद्या मात्र सह्याद्रीतून येतात. म्हणूनच की काय, डोंगर म्हटला की आपल्याकडील मनुष्य थेट पश्चिमेस पाहतो. सिंहगड, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड ही नावे कानांवर असतात. सपाटीवर वावरलेला, बैठ्या व्यवसायातील देह त्या चढणीस तयार आहे की नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. निवड कीर्तीवरून होते, बलावरून नव्हे.

वाग्भटाने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तींनाही शीतकाळी व वसंतातच अर्धशक्तीने व्यायाम सांगितला असून, इतर ऋतूंत त्याहून कमी करण्यास बजावले आहे. वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांस तर तो वर्ज्यच. अर्धशक्तीची खूण सुश्रुताने दिली आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे. व्यवहारात सांगायचे तर, सोबत्याशी बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले, श्वास तोंडाने घ्यावा लागला, कपाळ, नाक व काखेत घाम आला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. डोंगराच्या बाबतीत मात्र यात एक गोम आहे. सपाटीवर दमलेला मनुष्य थांबतो आणि रिक्षाने घरी येतो. डोंगरावर अर्धी शक्ती माथ्यापूर्वीच संपली, तर उतरणीसाठी काय उरले? माझ्या मते चढणीस शक्तीचा चतुर्थांशच खर्च व्हावा. गुडघ्यांवरील खरा भार उतरतानाच पडतो. चढणीने दम लागतो हे रुग्णास कळते; उतरणीने वात प्रकुपित होतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कळते.

या दृष्टीने आपणा दोन्ही तालुक्यांसाठी पहिली निवड म्हणजे यवतजवळील भुलेश्वर. दौंड-पुरंदर सीमेवरील हा डोंगर गिर्यारोहक मंडळींच्या खिजगणतीत नसेल, पण वैद्याच्या दृष्टीने त्याचे गुण अनेक आहेत. वाहनाचा रस्ता थेट देवळापर्यंत जातो. त्यामुळे रुग्णाने रस्त्याच्या कडेने जमेल तेवढेच चालावे, अर्ध्यावर थांबावे आणि वाहनात बसावे. विशेषतः गुडघ्याच्या रुग्णाने पायी चढावे व वाहनाने उतरावे. वर यादवकालीन काळ्या पाषाणाचे शिवमंदिर आहे. त्यातील स्त्रीरूपातील गणेश आणि भिंतींवरील शिल्पे पाहण्यात सहज तास जातो आणि नाडी स्थिरावते. सतराव्या शतकातील दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेषही तेथेच आहेत. भोवतालच्या माळरानात हिवर, बोर, हिंगणबेट म्हणजे आपली इंगुदी, सराटा अशा जांगल वनस्पतींची ओळख होते. आमचे व्यापारी गृहस्थ गेल्या कार्तिकापासून रविवारी पहाटे येथे येतात. पहिले तीन आठवडे त्यांना मी निम्म्या रस्त्यापलीकडे जाऊ दिले नाही. त्यावर ते कुरकुरले. गुडघे मात्र कुरकुरले नाहीत.

भुलेश्वरची सवय झाल्यावर जुन्नरकडे वळावे. शिवनेरीस बांधीव पायऱ्या आणि एकापाठोपाठ सात दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजा हा विसाव्याचा टप्पा मानला, तर मात्रा मोजणे सोपे जाते. पायऱ्यांची उंची मात्र जानुसंधिशूलाच्या रुग्णास त्रास देते, त्यांना येथे पाठवू नये. अशांसाठी नाणेघाट बरा. घाटघरच्या बाजूने गेल्यास बहुतांश चाल पठारावरची होते आणि सातवाहनांच्या ब्राह्मी शिलालेखाची लेणी थोडेसे उतरून पाहता येतात. हाच घाट मुरबाडकडील वैशाखरे येथून चढणे हे अगदी निराळे प्रकरण आहे. स्थळाचे नाव तेच राहते आणि वाट बदलली की मात्रा बदलते, ही गोष्ट रुग्णास आवर्जून सांगावी लागते. भीमाशंकरचेही तसेच. देवळापर्यंत मोटारीने जाऊन अरण्यात फेरफटका मारणे वेगळे आणि खांडसहून शिडीघाटाने चढणे वेगळे. दुसरा मार्ग आपल्या रुग्णांसाठी नव्हे. सिंहगडाची पायवाट सुमारे पावणेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ ६०० मीटर चढते. दोन-तीन महिन्यांचा सराव आणि पुन्हा वाहनाने उतरणे, या अटींवरच मी ती लिहितो.

काळाविषयी थोडे. हेमंत, शिशिर आणि वसंताचा पूर्वार्ध हाच आपला हंगाम. हल्ली वर्षाऋतूत डोंगरावर गर्दी होते, हिरवाईचा मोह मलाही कळतो. पण त्या ऋतूत अग्नी मंद, बल हीन आणि वाटा निसरड्या असतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, हे आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही.

चाळिशी उलटलेल्या, मधुमेही वा उच्च रक्तदाबाच्या रुग्णास पाठविण्यापूर्वी ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात साखर किंवा गूळ हवाच. परतल्यावर सुखोष्ण तेलाने मर्दन करावे.

औषधनिर्माते व दुकानदार बंधूंसाठी आणखी एक कारण आहे. ओषधींची नावे-रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गोपाल व वनवासी जाणतात, असे चरकाने सांगून ठेवले आहे. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा हा रोखीचा आधार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेथील हिरड्याची असंख्य झाडे उन्मळून पडली, आणि आपण मात्र त्या वर्षी बाजारभावाचीच चर्चा करीत होतो. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांतील भेद पोत्यात हात घालून जेवढा कळतो, त्याहून अधिक झाडाखाली उभे राहून, तो वेचणाऱ्या मावशींशी बोलून कळतो. मात्र भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथे पानही तोडू नये. नरक्यासारख्या वनस्पतीची व्यापारासाठी कशी कत्तल झाली, हे आपल्या व्यवसायाने पाहिले आहे. नमुना हवा असल्यास छायाचित्र घ्यावे, आणि हिरडा हवा असल्यास तो वेचणाऱ्याकडून योग्य दर देऊन घ्यावा.