दिल्लीचा चांदणी चौक : स्थळ, नांव व बाजार

दिल्लीचा लाल किल्ला पाहून लाहोरी दरवाजानें बाहेर पडलेल्या प्रवाशास समोर पश्चिमेकडे सरळ जाणारा जो रुंद रस्ता दिसतो, त्यास आज सर्वजण चांदणी चौक म्हणतात. वाटाडे तसें सांगतात, छापील मार्गदर्शिकांत तसेंच असतें, आणि प्रवासीही सायकलरिक्षांत बसून एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हिंडून आला म्हणजे आपण चांदणी चौक पाहिला असें समजतो. सरळ रस्त्यास 'चौक' हें नांव कसें पडलें, ही शंका मात्र क्वचितच कोणी काढतो. वस्तुतः हें नांव मूळचें सबंध रस्त्याचें नव्हे; रस्त्याच्या वाटेंत असलेल्या एका अष्टकोनी चौकाचें तें नांव होय. तो चौक आज नाहीं. नाहींशा झालेल्या स्थळाचें नांव सगळ्या बाजारास चिकटून राहिलें, आणि त्यामुळें येथें जुनें काय व नवें काय याविषयीं पाहणाऱ्यांचा फार घोटाळा होतो. ज्यांस हा बाजार खरेदीबरोबरच इतिहासाच्या दृष्टीनेंही पाहावयाचा आहे त्यांस तो कसा पाहावा हें कळावें, म्हणून आम्ही पुढील विवेचन करीत आहों.

शहाजहानानें शहाजहानाबादेची उभारणी १६३९ मध्यें सुरू केली व १६४८ मध्यें तो नव्या किल्ल्यांत राहावयास आला. किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतचा हा राजमार्ग सुमारें १,५२० यार्ड लांब व ४० यार्ड रुंद होता. पश्चिमेकडील मशीद बादशहाच्या फत्तेपुरी बेगमेनें १६५० मध्यें बांधविली. रस्त्याच्या मधोमध नहर वाहत असे व तिच्या कांठीं झाडें होतीं. या नहरीचें मूळ चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकाच्या कारकीर्दीपर्यंत मागें जातें. शहाजहानाच्या काळीं ती दुरुस्त करून व वाढवून तिचें पाणी शहरांत आणि किल्ल्यांत खेळविण्यांत आलें.

या राजमार्गाच्या निरनिराळ्या भागांस निरनिराळीं नांवें होतीं. किल्ल्याकडील पहिला भाग उर्दू बाजार. उर्दू म्हणजे छावणी, अर्थात् हा बादशाही लष्कराचा बाजार. त्यापुढें कोतवालीचा चौक लागे. तेथून पुढें जवाहिरे व सराफ यांचीं दुकानें, म्हणून त्या भागास जोहरी बाजार किंवा अशरफी बाजार म्हणत. मग चांदणी चौक, आणि त्यापलीकडे मशिदीपर्यंत फत्तेपुरी बाजार. आज जामा मशिदीजवळ पुस्तकांकरितां प्रसिद्ध असलेला उर्दू बाजार तो हा नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. नांव एक असल्यामुळें पुष्कळांची येथें फसगत होते.

खुद्द चांदणी चौक ही शहाजहानाची कन्या जहानआरा बेगम हिची कृति. १६५० च्या सुमारास तिनें हा अष्टकोनी चौक करवून त्याच्या मध्यभागीं हौद बांधविला, उत्तरेस मोठी सराई व तिच्या मागें विस्तीर्ण बाग केली, आणि दक्षिणेस हमामखाना उभारला. म्हणजे व्यापाऱ्यास उतरावयास जागा, स्नानाची सोय, विसाव्यास बाग आणि दारांतच बाजार, अशी ही सबंध योजना होती. फ्रेंच प्रवासी बर्नियर यानें १६६३ मध्यें लिहिलेल्या पत्रांत या सराईची मनापासून स्तुति केली असून पॅरिस शहरांतही परकी माणसांकरितां अशा इमारती असाव्यात अशी इच्छा प्रकट केली आहे. दिल्लीच्या इतर गोष्टींविषयीं त्याचा हात एवढा सैल नाहीं, म्हणून ही स्तुति विशेष मोलाची वाटते.

नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं दोन मतें ऐकूं येतात. चौकांतील हौदाच्या पाण्यांत चांदणें पडे म्हणून चांदणी चौक, हें एक; येथें चांदीचा व्यापार चाले म्हणून, हें दुसरें. आम्हांस पहिलें मत अधिक सयुक्तिक दिसतें. एक तर तिकडील भाषेंत चांदण्यास 'चांदनी' म्हणतात आणि धातूस 'चांदी'. चांदीवरून नांव पडतें तर त्याचें रूप निराळें झालें असतें. दुसरें असें कीं, नांव हौदाच्या चौकापुरतेंच होतें, आणि सराफांचा बाजार तर त्या चौकाच्या अलीकडे स्वतंत्र नांवानें नांदत होता. (आपल्याकडे पुण्याच्या पश्चिमेस बावधनजवळ हमरस्त्यांच्या संगमासही चांदणी चौकच म्हणतात. तेथें ना हौद, ना सराफ. मोठीं नांवें अशीं दूरवर प्रवास करितात.)

येथें काय विकलें जात होतें याविषयीं दोन साक्षीदार पुढें करण्याजोगे आहेत. बर्नियरनें दिल्लीच्या मुख्य रस्त्यांवरील कमानींच्या ओळी, त्यांतील दुकानें, मागील कोठारें व वरचीं राहतीं घरें यांचें वर्णन केलें आहे. परंतु तो असेंही बजावतो कीं, किमती मालाची मांडणी केलेलें दुकान एखादें, आणि तेल, तूप, तांदूळ, गहूं व हरभरे यांच्या भांड्यांनीं व टोपल्यांनीं भरलेलीं त्याच्या पंचवीसपट. उंची माल कोठारांत असे, दर्शनीं नसे. इराण, बल्ख, बुखारा व समरकंद येथून येणाऱ्या सुक्या मेव्याचा बाजार मात्र त्याच्या नजरेंत भरला. दुसरा साक्षीदार दर्गाह कुलीखान. तो १७३७ ते १७४१ या काळांत दिल्लींत होता व त्याचा 'मुरक्का-इ-दिल्ली' हा फारसी ग्रंथ प्रसिद्ध आहे. तो एका तरुण अमीरजाद्याची गोष्ट सांगतो. बाजारांत जावयाचा हट्ट त्यानें धरला, तेव्हां त्याच्या आईनें बापाच्या मिळकतींतून एक लाख रुपये काढून दिले. आणि एवढ्यांत तेथील दुर्मिळ वस्तु कांहीं घेतां येणार नाहींत, गरजेपुरतें काय तें आण, असें सांगितलें. गोष्ट अतिशयोक्तीची खरी. पण ऐकणाऱ्यास ती अशक्य वाटूं नये एवढी या बाजाराची प्रतिष्ठा होती. बर्नियर व दर्गाह कुलीखान यांच्यांत विरोध आहे असें आम्ही मानीत नाहीं. एक परका मनुष्य दुकानें बाहेरून मोजीत होता, दुसऱ्यास दुकानाच्या आंत बोलावून गादीवर बसवीत.

कोतवालीच्या चौकाचा इतिहास मात्र रक्ताचा आहे. १६७५ मध्यें औरंगजेबाच्या आज्ञेनें गुरु तेगबहादुर यांचा वध येथें झाला. १७८३ मध्यें बघेलसिंगानें दिल्लीवर चाल करून शीखांच्या पवित्र स्थळीं गुरुद्वारे उभारण्याचा हक्क मिळविला, त्यांपैकीं शीशगंज हा येथील होय. त्याच्या लगतची सुनेहरी मशीद रोशनउद्दौल्यानें १७२१-२२ मध्यें बांधली. तिच्यांत बसून नादिरशहानें मार्च १७३९ मध्यें दिल्लीची कत्तल करविली. एका दिवसाच्या त्या कत्तलींत हजारों लोक मेले आणि आसपासचे बाजार जळाले. पुढें अब्दालीच्या स्वाऱ्या झाल्या. मराठ्यांचाही या शहराशीं निकट संबंध आला. १७५७ मध्यें रघुनाथरावानें दिल्ली घेतली, १७६० च्या ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं. आणि फौजेच्या पगाराकरितां किल्ल्यांतील दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत वितळविलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. हिंगण्यांसारखे पेशव्यांचे वकील दिल्लींत वर्षानुवर्षें राहत होते. महादजी शिंद्यांच्या वेळेपासून १८०३ च्या सप्टेंबरांत लॉर्ड लेकनें शहर घेईपर्यंत बादशहाचें रक्षण हें बव्हंशीं मराठ्यांचेंच काम होतें. इतक्या संकटांतून बाजार प्रत्येक वेळीं पुन्हा बसला. नहर मधल्या काळांत कोरडी पडली होती. इंग्रजांनीं १८२० मध्यें तिला पुन्हा पाणी आणिलें.

जें नादिरशहाच्यानें झालें नाहीं तें १८५७ नंतर झालें. बंड मोडल्यावर इंग्रजांनीं किल्ल्याभोंवतालचा मोठा पट्टा तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळा केला. त्यांत उर्दू बाजार, खास बाजार, खानम बाजार व शेंकडों घरें जमीनदोस्त झालीं. जवळच बल्लीमारानांत राहणाऱ्या मिर्झा गालिबच्या पत्रांत या पाडापाडीचें दुःख जागोजाग दिसतें. फत्तेपुरी मशीद लिलांवांत लाला चुन्नामल या व्यापाऱ्यानें विकत घेतली. ती १८७७ मध्यें मुसलमानांस परत मिळाली. जहानआरेची सराई पाडून तिच्या जागीं १८६० नंतरच्या दशकांत नगरभवन उभें राहिलें. हौद बुजला व तेथें १८७० च्या सुमारास घड्याळाचा मनोरा आला. दक्षिणेकडील वस्तींतून सरळ नवा रस्ता काढला, तीच आजची 'नई सडक'. १८६७ मध्यें आगगाडी दिल्लीस आली, आणि सराईच्या उत्तरेस स्टेशन झाल्यामुळें हा बाजार अमीरउमरावांच्या चैनीचा न राहतां उत्तर हिंदुस्थानच्या घाऊक व्यापाराचें केंद्र बनला. चौकाचें स्थळ अशा रीतीनें नष्ट झालें, आणि बहुधा त्यामुळेंच त्याचें नांव मोकळें होऊन सबंध रस्त्यावर पसरलें.

नंतरच्या घडामोडी थोडक्यांत सांगतों. १९०८ मध्यें येथून ट्राम सुरू झाली, ती १९६३ पर्यंत चालली. २३ डिसेंबर १९१२ रोजीं व्हाइसरॉय हार्डिंग हत्तीवरून चांदणी चौकांतून जात असतां त्याच्यावर बाँब पडला. ३० मार्च १९१९ रोजीं घड्याळ-मनोऱ्याजवळ स्वामी श्रद्धानंद सैनिकांच्या संगिनींसमोर छाती उघडी करून उभे राहिले. नगरभवनासमोरचा व्हिक्टोरिया राणीचा पुतळा जाऊन आज तेथें स्वामींचा आहे. मनोराही १९५०-५१ च्या सुमारास कोसळला.

मग जुनें कोठें पाहावें? आमच्या मतें तें राजमार्गावर थोडें व गल्ल्यांत पुष्कळ आहे. येथील व्यापार 'कटऱ्यां'त वसलेला आहे. कटरा म्हणजे एका दरवाजाच्या आंतील अंगण व त्याभोंवतीं एकाच धंद्याचीं दुकानें. आपल्याकडील पेठेहून तो लहान व वाड्याहून मोठा. कटरा नील हें नांव निळीच्या व्यापाराचें, पण आज तेथें कापड विकलें जातें. बल्लीमारान हें नांव नावांच्या वल्ह्यांशीं संबंध दाखवितें, आणि तेथें आज जोडे व चष्मे. दरीबा कलान् येथें मात्र जवाहिऱ्यांचा धंदा अद्याप टिकून आहे. 'दुर्र-इ-बेबहा', म्हणजे अमोल मोतीं, यावरून दरीबा शब्द झाला असें तेथें सांगतात. परंतु लखनौ, काशी वगैरे शहरीं विड्याच्या पानांच्या बाजारास पानदरीबा म्हणतात, तें पाहतां ही व्युत्पत्ति मागाहून सुचलेली दिसते. नई सडकेच्या दक्षिण टोंकास चावडी बाजार लागतो. हें नांव मराठी 'चावडी'वरून पडलें असें पुष्कळ लिहितात व मराठी वाचकास तें गोड वाटणें साहजिक आहे. तथापि हा शब्द हिंदींतही आहे, म्हणून केवळ नांवाच्या साम्यावरून तेथें मराठ्यांची चावडी बसवूं नये.

पश्चिमेस मशिदीमागें खारी बावली आहे. नांव खाऱ्या पाण्याच्या बारवेचें. बारव दिसत नाहीं, पण मसाल्याचा व सुक्या मेव्याचा घाऊक बाजार भरलेला आहे. बर्नियरनें वर्णिलेला मेवा आज येथें पोत्यांत पाहावा. मिरचीच्या धुळीनें नव्या माणसास ठसका लागल्याशिवाय राहत नाहीं. हमालांस त्याचें कांहींच वाटत नाहीं. डोक्यावर झल्ली म्हणजे मोठी टोपली घेऊन अरुंद गल्लींतून धांवणारे हे झल्लीवाले येथील वाहतुकीचा खरा आधार होत. प्रवाशानें त्यांस वाट द्यावी. छायाचित्राकरितां त्यांची वाट अडवूं नये.

राजमार्गाची पुनर्रचना होऊन २०२१ च्या सप्टेंबरांत तो नव्या रूपांत खुला झाला. तांबड्या दगडाची फरसबंदी केली, आणि सकाळीं नऊ ते रात्रीं नऊ मोटारींस मज्जाव झाला. पायीं चालणाऱ्यास यामुळें मोठें सुख झालें, यांत शंका नाहीं. पण किल्ल्याच्या रंगाची ती फरसबंदी पाहून हा शहाजहानी रस्ताच जसाच्या तसा राहिला आहे असा भलताच समज नवख्यांचा होतो, तो खोटा आहे. रस्त्यांत पाण्याची नहर होती, हें कोणास ओळखूंही येत नाहीं. दगडापेक्षां हौदाच्या जागीं अष्टकोनाची नुसती रेघ आंखिली तरी इतिहासाची अधिक सेवा होईल.

म्हणून जिज्ञासूनें किल्ल्यापासून आरंभ न करितां नगरभवनासमोर उभें राहून आरंभ करावा. पाठीमागें सराईची जागा, तिच्याही मागें जहानआरेच्या बागेचा जो अवशेष आज महात्मा गांधींच्या नांवानें ओळखला जातो तो, समोर नई सडकेचें तोंड, आणि पायांखालीं कोठें तरी तो हौद. तेथून पूर्वेस कोतवालीपर्यंत जावें व मग परत फिरून पश्चिमेस मशिदीकडे. रविवारीं बहुतेक मोठीं दुकानें बंद असतात, त्यामुळें खरेदीस तो दिवस निरुपयोगी. परंतु गर्दी तुलनेनें विरळ असते आणि कोतवालीपासून चौकापर्यंतचें अंतर पावलांनीं मोजून पाहतां येतें.