सकाळच्या घाईत चहा-खारी नको, मोडाची मटकी घ्या
कोल्हापूरची मिसळ म्हटली की झणझणीत कट आठवतो. पण तिचा कस आहे मोडाच्या मटकीत. डबे, शाळा, कामाच्या गडबडीत घरातल्या बायका नुसत्या चहा-खारीवर भागवतात. अंगात रक्त कमी होण्याचं हेही एक कारण.

उपाय सोपा आहे. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री निथळून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड तयार! चमचाभर तेलात कांदा, हळद, मीठ टाकून १० मिनिटं वाफवा. वरून लिंबू पिळाच. त्याने मटकीतलं लोह अंगी लागतं. सोबत रात्रीची भाकरी किंवा उकडलेलं अंडं चालेल. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

चहा मात्र तासाभराने घ्या. खाण्यासोबत घेतला तर लोह कमी शोषलं जातं.