डाव मांडण्याआधीचा डाव

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात स्पर्धक आपला कॅट घरूनच बांधून आणतो. तो कसा निवडावा? सर्वांत महागडा, सर्वांत बलवान, की आपल्या हाताला बसणारा?

रमी असो, ब्रिज असो की सुट्टीत रंगणारा बदाम सात, पत्त्यांच्या खेळात सगळ्यांची सुरुवात सारखी असते. बावन्न पानांचा एकच कॅट पिसायचा, वाटायचा आणि हाती येईल त्यावर खेळायचे. पाने वाईट आली तर दोष नशिबाला! पण पत्त्यांचा असाही एक खेळ आहे, ज्यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः जुळवून आणतो. त्याला ‘डेक’ म्हणतात. तिथे हार झाली तर दोष नुसत्या नशिबाला देता येत नाही, कारण पाने आपणच निवडलेली असतात.

अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. सिएटलजवळच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो काढला. पाकिटे विकत घ्यायची, आत निघालेली पाने जमवायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि त्यातून डेक बांधायचा, अशी ही कल्पना. आज या खेळात पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळी पाने आहेत. भारतातल्या मोठ्या शहरांतही तो खेळला जातो. स्पर्धेला जाणाऱ्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच: या महासागरातून साठ पाने निवडायची कशी?

साठ पानांचे गणित

खेळ समजायला फार अवघड नाही. दोन खेळाडू जादूगार आहेत, असे मानायचे. प्रत्येकाकडे २० प्राण असतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे, की डाव जिंकला. मंत्र टाकायला किंवा प्राणी मैदानात उतरवायला शक्ती लागते आणि ती ‘जमीन’ नावाच्या पानांतून मिळते. आपल्या पाळीला एकच जमीन मांडता येते. म्हणून सुरुवातीला स्वस्त पाने खेळता येतात, भारी पाने नंतर.

डेक किमान साठ पानांचा हवा. साध्या जमिनी सोडल्या तर एकाच नावाची चारपेक्षा जास्त पाने चालत नाहीत. सुरुवातीला हातात सात पाने येतात. एखादे आवडते पान डेकमध्ये एकच ठेवले, तर ते पहिल्या सातांत येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. चारही ठेवली, तर त्यांतले निदान एक हाती येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात जाते. साठांपैकी २४ जमिनी ठेवल्या, तर पहिल्या सात पानांत सरासरी तीनच्या आसपास जमिनी येतात. म्हणूनच जाणकार साठाच्या पुढे एकही पान वाढवत नाहीत. ‘हेही असू दे, तेही असू दे’ असे करत नवशिक्या ऐंशी पानांवर जातो आणि हवे ते पान त्याला वेळेवर मिळतच नाही. प्रवासाला निघताना बॅग भरणाऱ्या कोणालाही ही गोष्ट पटेल.

आधी स्पर्धा कोणती ते पाहा

प्रत्येक स्पर्धेत सगळी पाने चालतात असे नाही. ‘स्टँडर्ड’ प्रकारात फक्त अलीकडच्या काही वर्षांत आलेले संच चालतात. नवे संच येतात तसे जुने बाद होतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडर्न’ प्रकारात त्याहून जुनी पानेही चालतात. ‘पॉपर’ प्रकारात मात्र एखाद्या संचात ‘सामान्य’ म्हणून छापली गेलेली पानेच चालतात. ही पाने बहुधा स्वस्त असतात, त्यामुळे खिशाला झळ कमी बसते. मुलांच्या हट्टापायी पैसे मोजणाऱ्या पालकांनी ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी.

आणखी एक सावधगिरी हवी. एखादे पान फारच वरचढ ठरले तर त्यावर बंदी येते. २००४ च्या फेब्रुवारीत आलेले ‘स्कलक्लॅम्प’ हे पान इतके प्रबळ निघाले, की त्याच वर्षी जूनमध्ये ते स्टँडर्डमधून बाद करण्यात आले. म्हणून आज सर्वांत गाजणारा डेक उसने पैसे काढून विकत घेणे शहाणपणाचे नाही.

तीन घराणी, तीन स्वभाव

स्पर्धेतील बहुतेक डेक ढोबळमानाने तीन घराण्यांत मोडतात. पहिले घराणे हल्लेखोरांचे. छोटे, स्वस्त प्राणी भराभर उतरवायचे आणि समोरचा सावरण्याआधी डाव संपवायचा. दुसरे सबुरीवाल्यांचे. समोरच्याची प्रत्येक चाल निष्प्रभ करायची, त्याला दमवायचे आणि अखेरीस एखाद्या भारी पानाने जिंकायचे. तिसरे घराणे जोडणीवाल्यांचे. दोन-तीन ठरावीक पाने एकत्र आली, की एका फटक्यात विजय. ती आली नाहीत तर हात चोळत बसायचे.

हल्लेखोर घराण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये अटलांटातील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल रंगाचा डेक घेऊन उतरला. जे श्नायडर यांच्या कल्पनेतून आलेल्या या डेकमधली कितीतरी पाने इतरांनी टाकाऊ ठरवलेली होती. पण त्यांची मांडणी अशी होती, की प्रत्येक पाळीला हाती असलेली सगळी शक्ती खर्ची पडावी, एकही पाळी फुकट जाऊ नये. पाहणारे चकित झाले. पुढे त्या धाटणीच्या डेकला ‘स्लाय’ हेच नाव पडले. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

या तिन्हींत श्रेष्ठ कोण? कोणीच नाही. प्रत्येकाला कोणी ना कोणी भारी पडतो. त्यातही आपली भूमिका ओळखावी लागते. अमेरिकन खेळाडू व लेखक माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये ‘हू इज द बीटडाउन’ या लेखात हाच मुद्दा मांडला. दोन सारखे डेक समोरासमोर आले, तरी एकाने चढाई करायची असते आणि दुसऱ्याने बचाव. आपले काम कोणते, हे ज्याला उमगत नाही तो हरतो.

वारे कुठले, ते ओळखा

डेक निवडताना सर्वांत मोठा प्रश्न असतो, तो समोर कोण असेल हा. याचे उत्तम उदाहरण १९९६ च्या उन्हाळ्यात घडले. ‘नेक्रोपोटेन्स’ या काळ्या रंगाच्या पानाने तेव्हा धुमाकूळ घातला होता. आपले प्राण मोजून द्यायचे आणि तितकी नवी पाने घ्यायची, असा त्याचा सौदा. प्राण गमवायचे म्हणून आधी अनेकांनी त्याकडे पाहून नाक मुरडले होते. नंतर त्याची खरी ताकद कळली आणि जो तो काळा डेक घेऊन स्पर्धेला येऊ लागला. तो काळ खेळाच्या इतिहासात ‘काळा उन्हाळा’ म्हणूनच ओळखला जातो.

त्या वर्षीची जागतिक स्पर्धा सिएटल परिसरात झाली. ऑस्ट्रेलियाचा टॉम चॅनफेंग काळ्यांच्या या गर्दीत पांढरा डेक घेऊन आला. त्याच्या डेकमध्ये असे पांढरे शिलेदार होते, ज्यांना काळ्या रंगापासून संरक्षण होते. काळे मंत्र त्यांच्यावर चालत नसत आणि काळे प्राणी त्यांना अडवू शकत नसत. सगळे ज्या दिशेने धावत होते, नेमके त्यालाच उत्तर शोधून तो आला होता.

पण स्पर्धेआधी त्याच्या हातून एक चूक घडली. डेकची यादी लिहून द्यावी लागते. त्या यादीत निळी शक्ती देणाऱ्या चार जमिनी लिहायच्याच राहिल्या. त्यांच्या जागी साध्या पांढऱ्या जमिनी घेऊन त्याला खेळावे लागले. डेकमध्ये एक निळे पान होते, ते संपूर्ण स्पर्धेत टाकताच येणार नव्हते! एखादा तिथेच खचला असता. चॅनफेंग मात्र उरलेल्या पानांवर भरवसा ठेवून खेळत राहिला आणि अंतिम फेरीत अमेरिकेच्या नावाजलेल्या मार्क जस्टिसला हरवून जगज्जेता झाला. त्याच्या गौरवार्थ एक खास पान छापण्यात आले, त्याची प्रत जगात एकच.

या विजयातून दोन धडे मिळतात. निवड नेमकी असेल, तर एखादे पान निकामी झाले तरी डेक तरून जातो. आणि दुसरा धडा, यादी दोनदा तपासावी! दर वेळी दैव इतके मेहेरबान नसते.

निवडीआधी एवढे करा

स्पर्धेला निघालेल्या मुला-मुलींनी काही गोष्टी पाळल्या, तर पुष्कळसा मनस्ताप टळेल.

• डेक निदान दोन-तीन आठवडे आधी ठरवावा. आदल्या रात्री ऐकीव माहितीवर डेक बदलणे म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे पुस्तक उघडणे.

• आपला स्वभाव ओळखावा. ज्याला तासन्‌तास धीर धरवत नाही, त्याने सबुरीचा डेक घेऊ नये.

• मित्रांकडून गाजलेल्या डेकविरुद्ध खेळून घ्यावे आणि हार-जीत वहीत टिपून ठेवावी. दोन डाव जिंकले म्हणजे डेक चांगला, असा समज करून घेऊ नये.

• साठ पानांखेरीज पंधरा राखीव पाने नेता येतात. सामना सहसा तीन डावांचा असतो आणि पहिल्या डावानंतर राखीव पाने बदलून घेता येतात. ज्या डेकची भीती वाटते, त्याचा उतारा या पंधरांत ठेवावा.

• मनाजोगते पान निघेल या आशेने पाकिटांमागून पाकिटे फोडू नयेत. पाकिटात काय निघेल ते नशिबावर असते. हवे तेच पान सुटे विकत घ्यावे किंवा मित्राकडून मागून आणावे.

या शेवटच्या बाबतीत पालकांनी लक्ष घालायला हवे. खर्चाची मर्यादा आधी ठरवून द्यावी आणि त्या मर्यादेत काय बसवायचे, ते मुलांना ठरवू द्यावे. आहे त्यात निभावून नेण्याची सवय या वयात लागली, तर ती आयुष्यभर उपयोगी पडते.

स्पर्धा संपली की जिंकणारा एकच असतो. बाकीचे आपापला डेक घेऊन घरी परततात, पाने टेबलावर पसरतात आणि कोणते ठेवावे, कोणते काढावे याचा विचार करू लागतात. नशिबाला दोष देत बसण्यापेक्षा हा विचार करणारा मुलगा पुढच्या स्पर्धेला अधिक तयारीने उतरतो.