जटायूचें ऋण

यंदा रामनवरात्रांत आमच्या घरीं अरण्यकांडाचें वाचन चाललें होतें. जटायूचा प्रसंग संपला आणि आमचा आठ वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, मला एक गिधाड दाखवा ना!" आम्ही पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें, पण या साध्या मागणीपुढें निरुत्तर झालों. कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं गिधाड दिसेनासें होऊन पंचवीसांवर वर्षें लोटलीं आहेत.

आमच्या लहानपणीं मेलेलीं गुरें गांवाबाहेर ओढ्याकांठीं टाकीत. सकाळीं जनावर नेऊन टाकलें कीं निरभ्र आकाशांत एक ठिपका दिसे, मग दुसरा, आणि बघतां बघतां चाळीस-पन्नास गिधाडें खालीं उतरत. संध्याकाळीं शाळेंतून परततांना पाहावें तों हाडें तेवढीं उरलेलीं! तरीहि या पक्ष्याचें नांव घरांत कोणी आदरानें घेत नसे. तें घरावर बसल्यास शांति करीत. हांवरट माणसास 'गिधाड' म्हणण्याची चाल तर आजहि आहे. ज्या जटायूस प्रभु रामचंद्रांनीं स्वहस्तें अग्नि दिला, त्याच्याच कुळास आपण अशुभ ठरवावें, ही विसंगति आम्हां कोणासहि कधीं खटकली नाहीं.

पुढें १९९६ च्या सुमारास आमच्या थोरल्या बंधूंचा म्हातारा बैल लंगडूं लागला. पंधरा वर्षें त्यानें आमचें शेत नांगरलें होतें. त्याचें कण्हणें घरांत कोणास ऐकवेना. तेव्हां एक स्वस्त वेदनाशामक औषध आणवून त्यास टोंचविलें. बैलास आराम पडला. पण म्हातारपणच तें, दुसऱ्याच दिवशीं तो गेला. रिवाजाप्रमाणें त्यास ओढ्याकांठीं टाकलें आणि गिधाडें उतरलीं. त्या औषधाचें नांव डायक्लोफेनॅक.

या नांवाचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला. त्याच दशकांत भरतपूरच्या पक्षि-अभयारण्यांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांस गिधाडें माना टाकून बसलेलीं व झाडांखालीं मरून पडलेलीं आढळूं लागलीं. प्रथम एखाद्या सांथीचा संशय आला. शेवटीं २००४ सालीं लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील मृत गिधाडांच्या परीक्षेवरून खरें कारण दाखवून दिलें. औषध टोंचलेलें गुरूं लौकरच मेलें म्हणजे त्याच्या मांसांत डायक्लोफेनॅकचा अंश राहतो. तो पोटांत जातांच गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात, आंतील अवयवांवर पांढऱ्या क्षाराचीं पुटें चढतात आणि थोड्याच दिवसांत पक्षी मरतो. सडलेलें मांस लीलया पचविणारा हा प्राणी आपल्या औषधाच्या अंशानें मरावा, हें केवढें आश्चर्य!

शंभरांत एखाद्याहूनहि कमी कलेवरें अशीं दूषित असलीं तरी सारी जात खचण्यास पुरेशीं आहेत, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. कारण गिधाडें थव्यानें जेवतात, आणि मादी वर्षास एकच अंडें घालते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतांतील संख्या १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत हजारांस एक इतकी उरली.

याचा दंड माणसासहि भरावा लागला. गिधाडें गेलीं, कलेवरें कुजूं लागलीं, पाणी दूषित झालें, मोकाट कुत्रीं वाढलीं. मुंबईस पारशी बांधवांची शतकानुशतकें चालत आलेली अंत्यविधीची रीतहि अडली. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत २००० ते २००५ या काळांत भारतांत यामुळें सुमारें पांच लक्ष अधिक मृत्यु झाले असा अंदाज आहे. ज्यास आपण अशुभ म्हटलें, तोच आपलें आरोग्य राखीत होता!

सुदैवानें उपायहि संशोधनानेंच सांपडला. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस गुणकारी असून गिधाडांस निरुपद्रवी आहे. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक तयार करण्यास बंदी केली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जात, म्हणून २०१५ सालीं त्याहि बंद झाल्या. आणि २०२३ सालीं एसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांस गुरांसाठीं मनाई झाली. हरयाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्यांत येते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यांतील चिरगांवच्या रानांत गांवकऱ्यांनीं त्यांचीं घरटीं जपलीं आहेत.

परंतु कायद्याची नजर प्रत्येक गोठ्यापर्यंत कोठून पोहोंचणार? तेथें घरच्यांचीच नजर हवी. आमचे कित्येक वाचक नोकरीनिमित्त शहरांत असले तरी त्यांचें शेत व गुरें गांवीं भावाकडे किंवा वांटेकऱ्याकडे असतात. त्यांस इतकेंच लिहावें कीं, जनावरास काय टोंचतां हें गुरांच्या डॉक्टरांस विचारा, मेलॉक्सिकॅम मागा, आणि औषधोपचार चालूं असतां जनावर दगावल्यास तें उघड्यावर न टाकतां खोल पुरा. याकरितां एका पत्रापलीकडे खर्च नाहीं.

त्या बैलावर आम्ही केली ती दयाच होती, याविषयीं आमच्या मनांत आजहि शंका नाहीं. मात्र त्या दुपारीं ओढ्याकांठीं जेवलेल्या गिधाडांपैकीं किती परत उडालीं, हा विचार मनांतून जात नाहीं. दयेस ज्ञानाची जोड नसली म्हणजे ती एकाचें दुःख हलकें करतांना दुसऱ्याचा प्राण घेते, हा धडा आम्ही शाळेंत कधीं शिकविला नाहीं. तो आतां नातवास शिकवावयाचा आहे. दिवाळीच्या सुटींत त्यास घेऊन चिरगांवास जाण्याचा आमचा विचार आहे. जटायूचे वंशज तेथें नजरेस पडोत, एवढीच प्रार्थना!