रामशास्त्री नसलेलं नाटक

मराठी रंगभूमीवरच्या राजांचा आढावा घ्यायचा म्हटला की पुण्या-मुंबईचे आढावाकार ठरलेल्या वाटेनं निघतात. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’ला वाकून नमस्कार, देवलांच्या ‘झुंझाररावा’ला दुसरा. शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मॅकबेथ’चा ‘मानाजीराव’ केला, एवढं घाईनं सांगायचं आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’पाशी येऊन टेकायचं. वर्धा या वाटेवर लागत नाही. आम्ही लागतो ते गांधी-विनोबांच्या प्रकरणात. नाटकाच्या प्रकरणात आमचा उल्लेख फार तर दौऱ्यावरचं एक स्टेशन म्हणून.

खरं तर राजे आमच्याकडेही कमी नव्हते. महामहोपाध्याय मिराशींनी वाकाटकांचं प्रवरपूर म्हणजे आमचं पवनार असं मांडलं. पुढे मनसरच्या बाजूनंही दावे झाले. त्या वादात मी पडत नाही. केळझरला एकचक्रानगरी म्हणतात, तिथं भीमानं बकासुर मारला म्हणतात. रोज गाडाभर अन्न आणि वर एक माणूस घेणारा बकासुर हा जुलमी राजाचाच नमुना, पण त्याच्यावर नाटक होत नाही. त्याला पश्चात्ताप कुठला?

माझं म्हणणं या पश्चात्तापाशीच आहे आणि ते मी गेली कित्येक वर्षं, ऐकणारे कंटाळले तरी, सांगत आलो आहे. मराठीतलं खरं ‘मॅकबेथ’ ‘राजमुकुट’ नव्हे. ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’.

१९०९ सालचं हे नाटक. सुरतेची काँग्रेस फुटून दोन वर्षंही झाली नव्हती, टिळक मंडालेला होते. घरातल्या दुहीवर नाटक लिहायला खाडिलकरांना आणखी कारण नको होतं. नारायणरावाचा खून, ३० ऑगस्ट १७७३, ‘ध’ चा ‘मा’, सुमेरसिंग गारदी हे सगळं वाचकांना पाठ आहे. खाडिलकरांचं बळ या गोष्टीत नाही. ते राघोबादादात आहे. हा माणूस दुष्ट नाही. अटकेपर्यंत घोडा नेलेला वीर आहे, आणि गादीवर पुतण्याला बसलेलं पाहून आतून पोखरलेला आहे. इच्छा त्याची, पण ती तोंडावर आणायची हिंमत आनंदीबाईची. दोघांच्या प्रवेशांत कोण कुणाला ढकलतंय ते सांगता येत नाही. एक मागे सरला की दुसरा पुढे. नवरा-बायको मिळून एक अपराध वाढवतात, तो घरच्या लेकरासारखा. मॅकबेथ आणि त्याची बायको यांच्यातही हेच आहे, पण खाडिलकरांनी ते शनिवारवाड्यात इतकं मुरवलं की उसनवारी कुठे दिसत नाही.

महाराष्ट्र नाटक मंडळीत केशवराव दात्यांची आनंदीबाई गाजली. पुढे नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई खोटे आनंदीबाई झाल्या. हीच जोडी १९५४ मध्ये ‘राजमुकुटा’तही होती, हर्बर्ट मार्शलच्या दिग्दर्शनाखाली. तेच दोन नट, तोच अपराध, आणि तरी ‘राजमुकुटा’ची भाषा शोभिवंत वाटते, ‘भाऊबंदकी’ची अंगावर येते. शिरवाडकरांबद्दल मला आदर आहे, ‘नटसम्राट’ मी डोक्यावर घेतो. पण ‘राजमुकुटा’ला मराठी ‘मॅकबेथ’ म्हणणाऱ्या मंडळींनी दोन्ही नाटकं एकामागोमाग मोठ्यानं वाचून पाहावीत. माझ्याशी ते भांडले, छापून भांडले, पण ही परीक्षा त्यांनी घेतल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या इकडच्या एका हौशी मंडळानं ‘भाऊबंदकी’ बसवलं तेव्हा मी संहितेची काटछाट करून देत होतो. तालमीला गावातले लोक येऊन बसत. न्यायाधीश रामशास्त्री राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगतात त्या प्रवेशानंतर एक वयस्क शेतकरी उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, थो रामशास्त्री नसता तं?” मी हसलो, पण माझा पुढचा सगळा विचार त्या प्रश्नावर उभा आहे. 

कारण आपण मराठी नाटकवाल्यांनी अपराध्याच्या छातीत कधी न्यायाधीश बसवलाच नाही. तो नेहमी बाहेर, पागोटं घालून, समोर उभा केला. बँकोचं भूत मॅकबेथखेरीज कुणाला दिसत नाही. आपल्याकडे ते भूत धर्मशास्त्र सांगतं आणि भर दरबारात सगळ्यांना दिसतं. टाळ्या तिथंच पडतात. टाळ्या पडल्या की राघोबाला स्वतःशी काही बोलायचं उरत नाही. खाडिलकर या मर्यादेच्या अगदी काठापर्यंत गेले, म्हणून मी त्यांना पहिला मान देतो. 

बाकीचं थोडक्यात उरकतो. ‘कीचकवधा’त कीचक म्हणजे कर्झन हे सगळ्यांनी ओळखलं, सरकारनंही ओळखलं आणि १९१० मध्ये बंदी घातली, जुलूम बाहेरचा असला की नाटक सोपं होतं. ‘बेबंदशाही’ आणि तिच्या वंशातली ऐतिहासिक नाटकं मी तरुणपणी पुष्कळ पाहिली, आता आठवतात त्या मिशा. ‘घाशीराम कोतवाल’ मात्र वेगळं. रामशास्त्री वारले १७८९ मध्ये, घाशीराम दगडांखाली मेला १७९१ मध्ये. म्हणजे तेंडुलकरांच्या गोष्टीत न्यायाधीश आधीच उठून गेलेला आहे. पण त्यांचा नाना फडणवीस रात्री नीट झोपतो. सत्तेचं नाटक म्हणून ते थोर. अपराधाचं नाटक ते नाही.

आता आमच्या मुलखाकडे येतो. वर्धा जिल्हा झाला १८६२ मध्ये, पुलगावजवळच्या कवठ्याला ठाणं ठेवून. इंग्रजांच्या आधी हा सगळा प्रदेश नागपूरकर भोसल्यांचा. दुसरे रघूजी मार्च १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी दुबळा, राज्य चालवण्याजोगा नव्हे. कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबाकडे आला. मे महिन्यात त्यानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता. खून त्याच्याच सांगण्यावरून झाला हे नंतर बाहेर आलं. रेसिडेंट जेन्किन्सनं आधी नैसर्गिक मृत्यू मानून घेतला आणि आप्पासाहेब राजा झाला.

इथं कुणी रामशास्त्री नाही. प्रायश्चित्त सांगणारा कुणी नाही. समोर एक इंग्रज आहे, तो तुला राज्य मिळेल असं सुचवतो, मिळाल्यावर मान्य करतो, आणि वेळ आली की त्याच खुनाची फाइल उघडतो. शेक्सपिअरला तीन चेटकिणी लागल्या. आम्हाला एक रेसिडेंट पुरला.

पुढचा धागा तर कुठल्या नाटककारानं रचला असता तर लोकांनी त्याला फाजील म्हटलं असतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये जेन्किन्सचा विरोध डावलून आप्पासाहेबानं भर दरबारात पेशव्यांनी पाठवलेली वस्त्रं घेतली. ती पाठवणारा दुसरा बाजीराव, म्हणजे राघोबा आणि आनंदीबाईचा मुलगा. ‘भाऊबंदकी’च्या घरातून निघालेली वस्त्रं नागपुरात दुसऱ्या खुन्याच्या अंगावर चढली. दोनच दिवसांत सीताबर्डीची लढाई झाली आणि ती तो हरला.

यावर मोठं नाटक लिहा म्हणून मी नागपूर-वर्ध्याच्या तीन पिढ्यांच्या लेखकांच्या मागे लागलो. एल्कुंचवारांनी आमच्या वाड्यांची पडझड लिहिली, ती जगानं पाहिली. त्यांच्याकडून राजवाडा मागणं बरं नव्हे. बाकीच्यांनी मान डोलावली. वर्ध्याला दोन साहित्य संमेलनं झाली, १९६९ मध्ये आणि २०२३ मध्ये. दोन्ही मांडवांत मी हा विषय काढला. पहिल्या वेळी वाद झाला, दुसऱ्या वेळी लोक सेल्फीत होते.

आता तर अवघड झालं आहे. स्पर्धेच्या नाटकांना दिवे आहेत, धूर आहे, पार्श्वसंगीत तर नको तितकं आहे. दोन मिनिटं एकटं उभं राहून स्वतःशी बोलणारा नट मात्र मिळत नाही. ऐतिहासिक म्हणून जे होतं त्यात घोडे येतात, उंट येतात, तोफा उडतात. राजा चुकलेला दाखवायची सोय उरली नाही. ‘राजसंन्यास’ अर्धवट टाकून गडकरी आमच्या विदर्भातच, सावनेरला, १९१९ मध्ये गेले. त्या अपुऱ्या नाटकापायी २०१७ मध्ये पुण्यात त्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. हे पाहून कुठला तरुण लेखक खुनी राजाच्या डोक्यात शिरेल?

माझ्या विरोधकांचा शेवटचा मुद्दा असा की आप्पासाहेबाची शोकांतिका होऊच शकत नाही, कारण तो पाचव्या अंकात मरत नाही. बरोबर आहे. मे १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटला, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिला, असीरगड, पंजाब असा फिरत शेवटी जोधपूरच्या राजा मानसिंगाच्या आसऱ्याला गेला आणि १८४० मध्ये तिथं वारला. बावीस वर्षं. मॅकबेथला बायको गेल्याचं ऐकून उभ्या उभ्या काही ओळी बोलायला मिळाल्या. याला चांद्याची ती रात्र आठवायला परक्याच्या दारात दोन दशकं होती. पाचवा अंक तिथंच आहे, जोधपुरात, आणि त्यात एकच पात्र लागेल.